तळमजल्यावर कोण राहणार?

पुण्यातल्या कोथरूडमध्ये सध्या कुठल्याही गल्लीत शिरा, एका तरी प्लॉटला पत्रे लागलेले दिसतातच. मयूर कॉलनी म्हणा, डहाणूकर म्हणा, आयडियल कॉलनी म्हणा, सगळीकडे तेच, आत जेसीबी, बाहेर बिल्डरचा बोर्ड आणि बोर्डावर एक उंच इमारत, जिच्या आजूबाजूला खऱ्या गल्लीतलं काहीच नाही, शेजारची बिल्डिंग नाही, विजेचा डीपी नाही, कोपऱ्यावरचं किराणा दुकान नाही. पौड रोडवर मेट्रो सुरू झाली ६ मार्च २०२२ ला, वनाज ते गरवारे कॉलेज. त्याच्या सव्वा वर्ष आधी, डिसेंबर २०२० मध्ये, राज्याची नवी एकत्रित बांधकाम नियमावली आली, जिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात. आणि नेमक्या त्याच सुमारास सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या सोसायट्यांनी चाळिशी ओलांडली. या तिन्ही गोष्टी एकदम जुळून आल्या आणि आख्खा भाग एकाच वेळी पाडायला निघाला.

आमची सोसायटीही त्याच रांगेत आहे. तळमजला अधिक तीन, सोळा फ्लॅट, लिफ्ट नाही, विटांच्या भिंतींवर स्लॅब, म्हणजे लोड बेअरिंग. आणि हे आधीच सांगून टाकते की मी रिडेव्हलपमेंटच्या बाजूची आहे, पहिल्या मीटिंगपासून. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचं गुडघ्याचं ऑपरेशन होतं तेव्हा त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी जिन्यावरून खाली आणलं होतं, वळणावर खुर्ची तिरकी झाली तसा काकांनी कठडा असा काही घट्ट धरला की तो हात मला अजून आठवतो. बाथरूमच्या छताचं प्लास्टर पडून आतली गंजकी सळई बाहेर आलेली, पावसाळ्यात जिन्याच्या भिंतीला हात लावला की ओल लागते, आणि ड्रेनेजची लाइन नक्की कुठून कुठे जाते ते माहीत असलेला प्लंबर केव्हाच वारला. अशा घरात म्हाताऱ्या माणसांनी आणखी वीस वर्षं काढावीत असं मला अजिबात वाटत नाही. पाडायलाच हवी. माझं म्हणणं आहे ते फक्त खालच्या तीस फुटांबद्दल.

म्हणजे काय ते सांगते. नवीन बिल्डिंगीतली घरं चांगली असतात, उजेड असतो, मोठ्या खिडक्या असतात, बाथरूम धड असतं, हे सगळं खरं. पण ती घरं सुरू होतात चौथ्या थरापासून. त्याखाली काय, तर गाड्या. तळाला स्टिल्ट, म्हणजे नुसत्या खांबांमधलं मोकळं पार्किंग, त्यावर पार्किंगचा एक मजला, त्यावर अजून एक, आणि ते झाकायला रस्त्याच्या बाजूने पत्र्याच्या नाहीतर काँक्रीटच्या उभ्या पट्ट्या. पुढे डोक्याच्या वर जाणारी कंपाउंड वॉल, काळ्या ग्रॅनाइटवर बिल्डिंगचं नाव, सरकतं गेट, सिक्युरिटीची केबिन. रस्त्यावरून चालणाऱ्या माणसाला हीच बिल्डिंग दिसते, वरचं त्याला काहीच दिसत नाही. एक अशी झाली तर काही वाटत नाही, पण आमच्या मागच्या गल्लीत ओळीने चार झाल्यात, आणि त्या अख्ख्या पट्ट्यात रस्त्याकडे तोंड असलेली एकही खिडकी नाही जिच्यामागे माणूस राहतं.

आता जुन्या बिल्डिंगीचं. ती काही देखणी वगैरे नाहीये, तिला कुणी आर्किटेक्चर म्हणून नावाजलं नसतं. पण तळमजल्यावर उजव्या हाताला आजी राहतात, आणि त्यांच्या हॉलची खिडकी जमिनीपासून जेमतेम चार फुटांवर आहे. त्या खिडकीत आतल्या बाजूला एक स्टीलचा डबा असतो आणि त्या डब्यात बिल्डिंगीतल्या निम्म्या घरांच्या किल्ल्या. गॅसवाला आला आणि वरती कुणी नसलं की पैसे आजींकडे. कुरियर आजींकडे. शाळेतून आलेलं पोर, आई ऑफिसातून यायची आहे, तर ते आजींच्या पायरीवर बसून पार्ले-जी खातं. पहिल्या मजल्यावरच्या काकू अजून गॅलरीतून दोरीला पिशवी बांधून खाली सोडतात आणि भाजीवाला तीत कोथिंबिरीची जुडी, मिरच्या, आणि परत द्यायचे सुट्टे पैसे टाकतो, आणि हे सगळं होताना मेथी कशी दिली, पावसाने माल खराब येतोय का, मुलीचं लग्न ठरलं का, एवढं बोलणं होऊन जातं. दहा-बारा फुटांवरून हे होतं, तिसऱ्या मजल्यापर्यंत हाक पोचते. त्याच्यावर गेलं की मोबाइल लागतो, आणि मोबाइल लावून कुणी मेथीबद्दल बोलत नाही.

पुण्यात घर रस्त्याशी बोलणारं असणं ही जुनीच रीत आहे. पेठांतल्या वाड्यांना आत चौक होते, पण बाहेर दिंडी दरवाजा आणि त्याला लागून कट्टा किंवा दुकानाचा गाळा होताच. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे बसले आणि लोक बाहेर पडायला लागले, कुणी सहकारनगरला गेलं, कुणी गोखलेनगरला. सहकारी संस्थांचा १९६० चा कायदाही त्याच सुमारास आला. मग पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत शिक्षकांनी, बँकवाल्यांनी, सरकारी नोकरांनी एकत्र येऊन प्लॉट घेतले आणि आत्ता पाडल्या जातायत त्या सोसायट्या बांधल्या. पैसे कमी, त्यामुळे सगळं साधं. गाडी कुणाकडेच नाही, आकुर्डीच्या बजाज स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायचे दिवस ते, त्यामुळे तळमजला गाड्यांना द्यायचा हा विचार डोक्यात यायचं कारणच नव्हतं. तळमजल्यावर माणसं राहिली ती कुणी फार विचार करून ठेवली म्हणून नाही, पण राहिली, आणि त्यावर चाळीस-पन्नास वर्षं गल्ल्या चालल्या.

मग बदललं काय? इथे लोक पटकन बिल्डरला दोष देतात, पण बिल्डर असा का बांधतो ते नियमावलीत बघायला लागतं. बिल्डिंगीचा आकार आर्किटेक्टच्या हातात आपल्याला वाटतो तेवढा नसतो, एफएसआयमध्ये, म्हणजे प्लॉटच्या मापाच्या किती पट बांधायचं त्या हिशोबात, काय मोजतात आणि काय नाही यावरून तो ठरतो. दोन हजारच्या दशकात पुण्यात बांधलेल्या बिल्डिंगी आठवून बघा, एका मजल्याची टेरेस डावीकडे बाहेर आलेली, पुढच्या मजल्याची उजवीकडे, परत डावीकडे. सगळ्या शहरातल्या आर्किटेक्टना एकाच वेळी तशीच रचना सुचली नव्हती. वर मोकळं आकाश असलेली टेरेस एफएसआयमध्ये धरत नसत, फक्त डोक्यावर लगेच स्लॅब नको, दोन मजल्यांची उंची मोकळी हवी, म्हणून एक आड एक. त्या नियमामुळे पुण्यातल्या मध्यमवर्गीय घरांना कुंड्या ठेवायला, पापड वाळत घालायला, रात्री चटई टाकून पडायला जागा मिळाली.

यूडीसीपीआरने हे सगळं बदललं. आता मोजणी पी-लाइनने होते, म्हणजे मजल्याची बाहेरची कड धरायची आणि आतलं सगळं मोजायचं, भिंती, जिना, लिफ्ट, बाल्कनी, सगळं. त्याबदल्यात एफएसआय वाढवून दिलाय. आमच्यासारख्या नऊ मीटर रस्त्यावरच्या प्लॉटला मूळ १.१०, पैसे भरून प्रीमियमचा ०.५०, वर टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकामाचा हक्क, ०.४०, झाले २.००, आणि त्यावर निवासी बांधकामाला ६० टक्के अॅन्सिलरी, म्हणजे जादाचं क्षेत्र, तर एक हजार चौरस मीटरच्या प्लॉटवर ३२०० चौरस मीटर. आमची जुनी बिल्डिंग बांधली तेव्हा एफएसआय होता एक. मला यातला बराच भाग पटतो, जुन्या पद्धतीत फ्लॉवर बेड आणि टेरेसच्या नावाखाली काय काय चालायचं, ताबा मिळाल्यावर त्या टेरेस आत घेऊन खोल्या कशा व्हायच्या ते आपण सगळ्यांनी बघितलंय, त्यापेक्षा सरळ मोजलेलं बरं. पण पार्किंग मात्र मोजत नाहीत. स्टिल्ट, पार्किंगचे मजले, बेसमेंट, सगळं एफएसआयच्या बाहेर. म्हणजे काकूंची गॅलरी मोजायची आणि गाडीची खोली मोजायची नाही. मग बिल्डरने हिशोब करून गॅलरी चार फुटांची केली आणि गाड्यांना तीन मजले दिले तर त्यात नवल काय? मला नियमावलीतलं सगळ्यात जास्त खटकतं ते हेच.

आणि गंमत नाही तर खरोखर विचार करण्यासारखी गोष्ट ही आहे की मेट्रो स्टेशनपासून पाचशे मीटरच्या आत, रस्ता रुंद असेल तर, चारपर्यंत एफएसआय मिळू शकतो, आणि तो मिळतो का तर लोकांनी गाड्या सोडून मेट्रोने जावं म्हणून. आनंदनगर स्टेशन आमच्यापासून चालत जाण्यासारखं आहे. मग त्याच भागात प्रत्येक बिल्डिंग गाड्यांच्या तीन मजल्यांवर उभी राहत असेल आणि स्टेशनपर्यंतचा चालायचा रस्ता दोन्हीकडून भिंतींचा होत असेल, तर संध्याकाळी साडेआठ-नऊला एकटी मुलगी त्या रस्त्याने चालत येईल का? ती गाडीच काढणार.

आमच्या सोसायटीत बिल्डरच्या आर्किटेक्टने प्लॅन दाखवला तो दिवस. हॉल भाड्याने घेतलेला, प्रोजेक्टर, आणि पहिले दोन तास नुसती टक्केवारी. रिडेव्हलपमेंटच्या मीटिंगा कशा होतात ते ज्यांनी केलंय त्यांना माहिती आहे, एक्स्ट्रा कार्पेट किती, भाडं किती, कॉर्पस, म्हणजे बिल्डर देतो तो एकरकमी निधी, किती, शिफ्टिंग दोन्ही वेळचं देणार का, पार्किंग एक की दोन. २०१९ च्या शासन निर्णयानंतर एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती पुरते, त्यामुळे कमिटीला घाई असते आणि ज्यांना काही विचारायचं असतं त्यांना वाटतं आपण अडवणूक करतोय. हे प्रश्न चुकीचे आहेत असं मी म्हणत नाही, लोकांची जन्माची कमाई त्यात आहे. पण बिल्डिंग दिसणार कशी, उभी राहणार कशी, याला मिळाली शेवटची पंधरा मिनिटं. थ्रीडी व्ह्यू आला, तोही वरून काढलेला, पक्ष्याने बघावा तसा. सगळे वा वा म्हणाले. तेव्हा तळमजल्यावरच्या आजी, ज्या आत्तापर्यंत एक शब्द बोलल्या नव्हत्या, त्यांनी हात वर केला आणि विचारलं, "अहो दादा, तळमजल्यावर कोण राहणार?"

आर्किटेक्ट भला मुलगा होता, त्याने नीट उत्तर दिलं. "आजी, तळमजल्यावर कुणी नाही राहणार. तुम्हाला चौथा मजला मिळतोय, छान व्ह्यू आहे, टेकडी दिसेल."

"मग वॉचमन?"

"त्याची केबिन गेटपाशी."

"आणि पहिल्यावर?"

"पहिल्यावरही पार्किंग."

आजी काही बोलल्या नाहीत पुढे. सेक्रेटरी काकांनी पुढचा विषय घेतला. पण मी घरी येऊन त्या पीडीएफमधला सेक्शन उघडला, म्हणजे बिल्डिंग केकसारखी उभी कापल्यावर आतून जशी दिसेल ते ड्रॉइंग, आणि तिथे ते स्पष्ट दिसत होतं. खाली तीन थरांत मोटारींच्या छोट्या छोट्या आकृत्या, वर सात मजल्यांत पलंग आणि सोफे, आणि रस्त्याच्या लेव्हलला एकही माणूस काढलेला नाही. प्लॅनमध्ये किंवा थ्रीडीमध्ये ही गोष्ट लपून जाते, सेक्शनमध्ये लपत नाही. ज्यांच्या सोसायटीचं चाललंय त्यांनी सेक्शन मागून घ्याच, तो देतात, फक्त मागावा लागतो.

बरं, खाली नुसते खांब आणि वर सगळं वजन, ही रचना भूकंपाच्या दृष्टीनेही नाजूक, तिला सॉफ्ट स्टोरी म्हणतात. २६ जानेवारी २००१ ला भुजचा भूकंप झाला तेव्हा तिथून दोनशेहून जास्त किलोमीटर लांब अहमदाबादमध्ये कितीतरी बिल्डिंगी पडल्या आणि त्यात खाली मोकळं पार्किंग असलेल्या बऱ्याच होत्या. आता आरसीसी कन्सल्टंट खाली शिअर वॉल, म्हणजे जाड काँक्रीटच्या भिंती, देतात, खांब जाड करतात, त्यामुळे नीट डिझाइन केलं तर भीती नाही, पण हा प्रश्नही मीटिंगमध्ये कुणीतरी विचारायला हवा, आम्ही विचारला आणि उत्तर लेखी घेतलं.

बेसमेंट करा म्हटलं तर त्याची वेगळी कथा. पुण्यात चार-पाच फूट खाली गेलं की काळा खडक, महिनोन्महिने ब्रेकर चालतो, शेजारच्या घरातली कपाटातली भांडी वाजतात, आणि प्लॉटच्या कडेपर्यंत खणलं की झाडं जातात. आमच्याकडे पुढच्या मार्जिनमध्ये आंबा आहे. सोसायटी झाली त्या वर्षी लावलेला. १९७५ च्या झाडांच्या कायद्याने त्याला हात लावायला महापालिकेची परवानगी लागते, ती मिळतेही, आणि बदल्यात पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या वरच्या मोकळ्या स्लॅबवर, चाफा आणि पाम लावून देतात, कारण स्लॅबवर टाकलेल्या दीड-दोन फूट मातीत दुसरं फारसं काही जगत नाही. त्या मातीत आंबा कधीच येणार नाही, आणि पावसाचं पाणी जमिनीत मुरायलाही मोकळी जमीन लागतेच. इथे सोसायट्यांच्या बोअर मार्चमध्ये आटतात आणि मग टँकर सुरू होतो, तरी मीटिंगमध्ये हा मुद्दा पाच मिनिटांत संपतो.

एक गोष्ट मात्र मला जास्त वेळ घेऊन सांगायची आहे, ड्राय बाल्कनीची. पुण्याबाहेरच्यांना कदाचित कळणार नाही, किचनला लागून जी छोटी बाल्कनी असते, जिथे वॉशिंग मशीन ठेवतात आणि भांडी घासतात, ती ड्राय बाल्कनी. आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या मावशी आख्खी सकाळ वेगवेगळ्या घरांच्या ड्राय बाल्कनीतच असतात. नवीन प्लॅनमध्ये ती तीन फूट बाय पाच फूट होती, त्यात मशीन दोन फूट घेणार, नळ मशीनच्या मागे, आणि डोक्याच्या उंचीवर एसीचं आउटडोअर युनिट, म्हणजे उन्हाळ्यात गरम हवा थेट तोंडावर. मी मावशींना तो प्लॅन दाखवला आणि जमिनीवर खडूने त्या मापाची चौकट काढली. त्या पाटावर बसल्या, परात पुढे घेतली, आणि कोपर भिंतीच्या रेषेबाहेर गेलं. "ताई, इथं कुकर फिरवायचा कसा?" एवढंच म्हणाल्या. बेडरूममध्ये किंग साइझ बेड बसतो का ते सगळ्यांनी मोजलं होतं, मापाचा टेप घेऊन, ही जागा कुणीच मोजली नव्हती. तो खडूचा चौकोन मी फोटो काढून आर्किटेक्टला पाठवला, आणि खरंच सांगते, त्याने दोन दिवसांत ती चार बाय सहा केली, नळ पुढे आणला आणि एसीचं युनिट बाजूच्या डक्टमध्ये नेलं. कार्पेट तेवढंच राहिलं, पॅसेज थोडा कमी झाला. म्हणजे करता येतं. सांगणारं कुणी लागतं.

मग आम्ही पाच-सहा जणींनी बसून खालच्या तीस फुटांची यादी केली. सोसायटीचं ऑफिस मागच्या कोपऱ्यात पंपरूमशेजारी होतं, ते पुढे आणा, रस्त्याकडे खिडकी द्या. त्याला लागून एक खोली, ज्यात दुपारी ज्येष्ठ बसतील, संध्याकाळी मुलांचा अभ्यास होईल, तिलाही रस्त्याकडे खिडकी, चार फुटांवर. वॉचमनला केबिनबरोबर संडास, तो कुणाच्याच प्लॅनमध्ये नसतो आणि बारा तास ड्युटी करणारा माणूस जातो कुठे हे कुणी विचारत नाही. कंपाउंड वॉल कमरेएवढी आणि वर ग्रिल, म्हणजे आतलं बाहेर आणि बाहेरचं आत दिसेल. पुढच्या मार्जिनखाली खणायचं नाही, आंबा राहील. आणि भिंतीच्या बाहेरच्या बाजूला दगडी कट्टा.

सगळ्यात जास्त भांडण झालं ते कट्ट्यावरून. टवाळ पोरं येऊन बसतील, सिगारेटी ओढतील, डिलिव्हरीवाले बसतील, बिल्डिंगची शोभा जाईल. दुसऱ्या मजल्यावरचे दादा तर म्हणाले की एवढे कोटींचे फ्लॅट घेणारे लोक आपल्या दारात रायडर बसलेला कसा खपवून घेतील. मला याचा फार राग आला आणि मी तो बोलूनही दाखवला. जो माणूस उन्हातान्हात आपलं जेवण घेऊन येतो त्याला दोन मिनिटं टेकायला जागा दिली तर कुठली शोभा जाते? पुण्यात कट्ट्यावर बसून मोठी झालेली माणसं आपण, आणि आता नवीन बिल्डिंगीत राहायला जाताना पहिली गोष्ट काय करतोय तर कट्टा काढून टाकतोय.

बिल्डरने यादीतलं अर्ध्याहून जास्त मानलं. ऑफिस आणि खोली पुढे आली, त्यासाठी तीन गाड्या मागे पझल पार्किंगमध्ये, म्हणजे यंत्राने गाड्या एकावर एक ठेवतात तिथे, गेल्या. आंब्यासाठी गेट सहा फूट सरकलं. वॉचमनचा संडास झाला. कट्टा झाला, पण बारा फुटांऐवजी आठ, आणि उंची आजींनी ठरवली, अठरा इंच, त्याहून खाली बसलं की उठता येत नाही म्हणाल्या. हे सगळं आता करारनाम्याच्या ड्राफ्टला जोडलेल्या ड्रॉइंगमध्ये आहे, मापांसकट, कारण तोंडी कबूल केलेलं काम सुरू झाल्यावर कुणाला आठवत नाही.

पहिल्या मजल्याचं मात्र जमलेलं नाही. आम्ही मागितलं होतं की रस्त्याकडच्या बाजूला एक छोटा फ्लॅट पहिल्या मजल्यावर द्या, गाड्या त्याच्या मागे, आजींना तोच हवाय, चौथा नको, आणि अजून दोन घरांतले म्हातारे पहिल्यावर यायला तयार आहेत. बिल्डर म्हणतो त्यात एफएसआय जातो आणि वरचा विकायचा फ्लॅट कमी होतो, पार्किंगला तर काही जात नाही. त्याच्या हिशोबाने तो बरोबर आहे. पण एका फ्लॅटने त्याचा प्रोजेक्ट बुडत नाही हेही आम्ही त्याच्याच फीझिबिलिटी रिपोर्टवरून काढून दाखवलंय. पुढच्या विशेष सभेत हा विषय अजेंड्यावर घ्यायला लावलाय, आठ सह्या झाल्यात, नवव्या सहीसाठी आज संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या काकांकडे जायचंय.